जास्तीची नळी

आमचे हे सायकली दुरुस्त करतात, पण काही कापायचं म्हटलं की यांचा हात आखडतो. पँट घेतील ती चार बोटं लांब, दोरी कापतील ती हातभर जास्त. विचारलं की उत्तर ठरलेलं, "असू दे, पुढेमागे लागेल." नवखे असताना एका गिऱ्हाइकाच्या फोर्कची नळी यांच्या हातून आखूड कापली गेली होती म्हणे. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. त्याची नळी सायकलीच्या मानेतून वर येते आणि तिच्यावर हँडल बसतं. नळी आखूड झाली की फोर्क भंगारात. दुधाने तोंड पोळलं तेव्हापासून हे ताकसुद्धा फुंकून पितात. यांच्या हातून गेलेली सायकल लांबून ओळखू येते, न कापलेली नळी झाकायला हँडलाखाली रिंगांची ही एवढी उंच चळत असते.

मला त्याचं हसू यायचं. माझ्याच सायकलीवर पाळी आली तेव्हा मात्र डोक्यात तिडीक गेली.

मी टेकडीवरच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. हिवाळ्यात पाठीने दगा दिला, मणक्यातली चकती सरकली आणि मी अंथरुणाला खिळले. त्या दिवसांत माझी वेणीसुद्धा हे घालायचे, इतकी वाकडी की आरशात बघून रडावं की हसावं कळेना. हळूहळू उठले, चालायला लागले. डॉक्टर म्हणाले, खुशाल सायकल चालवा. लाँड्रीच्या मुख्य बाईंनी माझी जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती, पण पहाटेच्या पाळीला टेकडीवर बस जात नाही. सायकलीने चढ चढता आला तर नोकरी, नाहीतर घरी बसून भिंती बघायच्या. भिंतींना मी विटले होते.

माझी माउंटन बाइक जुनी. तिच्या फोर्कमधल्या स्प्रिंगा गंजून गेलेल्या, म्हणजे गळ्यात नुसतं लोढणं. यांनी साधा, हलका फोर्क आणला. त्याला जुना हेडसेट चालेना. हेडसेट म्हणजे मानेत वर-खाली बसणारी बेअरिंगं आणि त्यांच्या वाट्या. यांनी जुन्या वाट्या ठोकून काढल्या, लांब बोल्ट आणि जाड वॉशर लावून नव्या हळूहळू ओढून बसवल्या. खालच्या बेअरिंगची कडी जुन्या फोर्कवरच विसरली की सगळं खुळखुळतं, म्हणून आधी आठवणीने नवी कडी पाइपने ठोकून फोर्कवर चढवली. ग्रीस भरलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, खडखड नाही. हँडल बोटाने ढकललं तर अलगद फिरलं. काम कसं, बघत राहावं असं.

आणि नळी उरली वीतभर. तिच्यावर रिंगा चढवून यांनी हँडल थेट शेंड्यावर बसवलं.

त्या हँडलामागे मी खुर्चीत बसल्यासारखी ताठ. चढाला लागले तर पुढचं चाक जमिनीवरून सुटायला लागलं, अंग पुढे झुकवायला जागाच नाही. अर्ध्यातून उतरले आणि ढकलत घरी आणली.

"हँडल खाली घ्या," मी म्हटलं.

"पाठ पुन्हा धरली तर? उंचच लागेल तेव्हा. असू दे, पुढेमागे..."

म्हणजे यांनी सायकल माझ्यासाठी बांधलीच नव्हती, अंथरुणावरच्या त्या बाईसाठी बांधली होती. राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. मी बरी झालेय हे यांना खरंच वाटत नव्हतं.

यांनी तोडगा काढला. "रिंगा हँडलाच्या वर घालतो. हँडल खाली येईल, नळी मात्र राहील."

"नको. रोज चढावर तो खुंट माझ्याकडे बघणार आणि म्हणणार, तू परत आडवी पडशील. कापा."

"कापलेली नळी वाढत नाही, बाई."

"ते मला कळतं."

"तुला बाथरूमला उचलून मी नेत होतो," हे खाली मान घालून म्हणाले. "तू ओरडायचीस ते तू विसरलीस. मी नाही विसरलो."

इतक्या दिवसांत हे त्याबद्दल पहिल्यांदाच बोलले. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी वाकले, पुढचा टायर दोन्ही हातांनी धरला आणि तशीच राहिले. मग सावकाश सरळ झाले. यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, कळ आली का ते शोधत. आली नव्हती.

यांनी नळीतली चांदणी, म्हणजे हेडसेट आवळणाऱ्या बोल्टचा नट, करवतीच्या वाटेत येऊ नये म्हणून ठोकून खोल सरकवली. नळीवर रेघ मारली, पुसली आणि बोटभर खाली दुसरी मारली. मी फोर्क धरून बसले. करवत चालली तेव्हा यांच्या कपाळावर घाम होता, पण हात थांबला नाही. हँडल बसलं तेव्हा वर एकही रिंग जास्तीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी चढ चढून बघितला, पाय न टेकता. सोमवारी पहाटे कामावर निघाले तर हे दारात टायर दाबून बघत होते. मला खोडी काढल्याशिवाय राहवेना.

"काय हो, पाठ पुन्हा धरली तर?"

"तर तेव्हा दुसरा फोर्क घालू," हे म्हणाले. "आता नीघ, उशीर होतोय तुला."