शेंगदाणा म्हणजे होय, फुटाणा म्हणजे नाही

मतांचा हंडा सतरंजीवर उपडा केला आणि मी मोजायला बसलो. सव्वाशेच्या वर माणसांनी मतदान केलं होतं. पडली जेमतेम पन्नास मतं. फुटाणे एकोणचाळीस, शेंगदाणे अकरा.

"भाऊसाहेब, बाकीची मतं कुठं गेली?" सरपंच सुमनताईंनी विचारलं.

मी समोर बसलेल्या गावाकडे पाहिलं. गाव चावत होतं.

मी ग्रामसेवक. म्हणजे ग्रामपंचायतीत बसणारा सरकारी नोकर. ठराव लिहायचे, दाखले द्यायचे आणि काहीही बिघडलं की बोलणी खायची. गावात सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात. घरी कोणी काहीच म्हणत नाही, सरळ भाजीची पिशवी हातात देतात.

तेव्हा माझ्याकडे सायखेड्याच्या बाजूचं एक गाव होतं. शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग मंजूर झाला होता, पण खोली नव्हती. गावाने निम्मा खर्च उचलला तर उरलेला वरून येणार होता. त्यासाठी घरपट्टी बदलायची होती. तोवर पत्र्याच्या घराला आणि दुमजली बंगल्याला कर जवळपास सारखाच. आता मोठ्या घराला जास्त, छोट्याला होता तेवढाच, आणि वाढलेली रक्कम शाळेला. ग्रामसभेत, म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांच्या बैठकीत, याला बहुमत हवं होतं. त्या आठवड्यात ठराव गेला नाही तर वर्ग शेजारच्या गावाला जाणार होता.

शिवणकाम करणाऱ्या शबानाभाभींची धाकटी चौथीत होती. सभेआधी त्या मला म्हणाल्या, "तिकडं एस्टी जात नाय, भाऊसाहेब. खोली नाय झाली तर पोरगी घरी बसंल. मोठीचं तेच झालं."

ठराव सुमनताईंनी मांडला होता. विरोधात होते बाजीरावअण्णा. गावातला सगळ्यात मोठा बंगला त्यांचा.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. आधी हात वर करून मतदान घेतलं. ठरावाच्या बाजूने कोण? सगळे हात वर. विरोधात कोण? पुन्हा सगळे हात वर.

"बाबा, दोन्हीकडे कसा हात?" मी म्हाताऱ्या देवरामबाबांना विचारलं.

"ताईचा बी मान ठेवला, अण्णाचा बी ठेवला. उद्या दोघांच्या दारात जायचं हाय."

म्हणून गुप्त मतदान घ्यायचं ठरलं. चिठ्ठ्या वाटल्या तर वाचता न येणाऱ्यांनी काय करायचं? माझं डोकं चाललं. प्रत्येकाला एक शेंगदाणा, एक फुटाणा. शेंगदाणा म्हणजे होय, फुटाणा म्हणजे नाही. वर्गात एकट्याने जायचं, हवा तो दाणा हंड्यात टाकायचा, दुसरा बाहेरच्या टोपलीत. मला माझंच फार कौतुक वाटलं. शेजारच्या दुकानात कच्चे दाणे नव्हते, खारे होते. तेच घेतले. दुपारचा एक वाजला होता आणि कोणीही जेवलेलं नव्हतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

"फुटाणे जास्त," मोजलेली मतं बघून अण्णा उठून म्हणाले. "लिहा नामंजूर."

"थांबा," देवरामबाबा म्हणाले. "मला खोली पायजे व्हती. पण फुटाणा दाढंला झेपत नाय. म्हणून तो टाकला हंड्यात आन् शेंगदाणा खाल्ला."

"मी दोन्ही खाल्ले," मागून कोणीतरी कबूल केलं. सभा खो खो हसत सुटली. शबानाभाभी हसल्या नाहीत.

"भाऊसाहेब, बाबांच्या दाढंपायी माझ्या पोरीनं घरी बसायचं का?"

सुमनताई उठल्या. "आता दाणेबिणे बंद! खोली पायजे त्यांनी वर्गात जाऊन बसा. नको त्यांनी झाडाखाली थांबा."

कोणी हलेना. सगळे अण्णांकडे बघत होते. तेवढ्यात अण्णांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पदर खोचला आणि त्या वर्गाकडे निघाल्या.

"अगं, तू कुठं चालली?" अण्णा ओरडले. "जास्तीची घरपट्टी आपल्यालाच बसणार हाय!"

"बंगल्याच्या सात खोल्या मी झाडते. त्या बांधताना इचारलं व्हतं का मला? या आठव्या खोलीचं मी बघते."

मग काय, बायका उठल्या, त्यांच्यामागे पुरुष उठले. वर्ग गच्च भरला. बाकांवर बायका, खिडक्यांत पोरंटोरं, दारात देवरामबाबा अडकलेले. मोजायला मलाच आत शिरता येईना. शेवटी सगळ्यांना एकेक करून बाहेर काढलं आणि दारात उभं राहून मोजलं. पोरंटोरं वगळून एकशे एकतीस. झाडाखाली अण्णा आणि त्यांचे दोन भाचे. भाचेसुद्धा मामीची नजर चुकवत होते.

मी इतिवृत्त, म्हणजे सभेची हकिगत, प्रामाणिकपणे लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी बीडीओ साहेबांचा, म्हणजे तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्यांचा, फोन.

"मतपत्रिका मतदारांनी खाल्ल्या, हे काय लिहिलंय?"

"खरं तेच आहे, सर."

"उरलेल्या तरी सील करून ठेवल्यात ना?"

"फुटाणे आहेत, सर."

"आणि शेंगदाणे?"

"घरी नाशिकपर्यंत मोटारसायकलवर यायचं म्हणजे भूक लागते, सर."

साहेब म्हणाले, "दुसरी मोजणी धरतो. पहिल्या मोजणीचं पान मला पुन्हा दाखवू नका."

ठराव वेळेत गेला, खोली झाली, भाभींची पोरगी पाचवीत बसली. अण्णांनी त्या वर्षीची घरपट्टी सगळ्यांत शेवटी भरली. काकू सोबत आल्या होत्या, म्हणून भरली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक ग्रामसभेच्या नोटिशीवर वेळ दुपारी तीनची असते. गावाला आधी जेवू द्यावं, मग मत विचारावं.