तेंदूच्या पानाची खूण

आज सकाळी वाचनालयाचं कपाट उघडलं आणि एका जुन्या कादंबरीतून तेंदूचं वाळकं पान खाली पडलं. उचलून नाकाशी नेलं. वास कसला, नुसती धूळ. पण त्या धुळीतून माझ्या इथल्या पहिल्या मे महिन्याची दुपार जशीच्या तशी समोर आली.

एटापल्लीकडच्या या गावात मी ग्रंथपाल म्हणून आले, तेव्हा माझ्या आधीच्या बाई निवृत्तीला टेकल्या होत्या. विडीच्या पानांचा, तेंदूचा हंगाम लागला, सारं गाव पानं तोडायला लागलं आणि वाचनालय ओस पडलं. एका दुपारी बाईंनी हीच कादंबरी पिशवीत टाकली आणि दाराला कुलूप लावलं. मला रागच आला. "बाई, भर दुपारी कुठं निघालात?" तर म्हणतात कशा, "वाचनारे येऊन नाई राह्यले, त आपन जाऊ. पुस्तकाले पाय हायेत का?" मोहाच्या झाडाखाली बायका पहाटे तोडलेल्या पानांचे पुडे बांधत बसल्या होत्या. बाई वाचू लागल्या, तशा गप्पा थांबल्या. हात मात्र चालूच. निघताना एका बाईनं पुड्यातलं पान काढून पुस्तकात घातलं. "उद्या इथूनच वाचजा बाई. एकबी ओळ सोडू नोका." दरवर्षीचा हा रिवाज बाईंमागे माझ्याकडे आला.

पण आम्हा दोघींची एक चूक झाली, आणि ती साधीसुधी नव्हे. नोंदवहीतला रकाना 'वाचकांचा'. ऐकणाऱ्यांना आम्ही त्यात कधी धरलंच नाही. प्रत्येक मे कोरा! गेल्या आठवड्यात वरून पत्र आलं: वाचक येत नाहीत, हल्ली सगळं मोबाईलवर मिळतं, तर वाचनालय बंद का करू नये? आधी डोळ्यांत पाणी आलं, मग डोकं तापलं. मोबाईलशी माझं वैर नाही हो. गावात नीट रेंज लागते ती याच खोलीत; पोरी इथं बसून भरतीचे अर्ज भरतात, परीक्षेची पुस्तकं त्याच्यावरच वाचतात, अडलं की मला विचारतात. ही खोली गेली तर त्यांनी विचारायचं कुणाला?

काल नोंदवही घेऊनच मोहाखाली गेले. कादंबरीऐवजी ते पत्र वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुडे बांधणारे हात थांबले. पानाची खूण घालणारी ती बाई आता पार म्हातारी झालीय. ती उसळलीच, "आमी येत नाई म्हंते? मंग इतके सालं आयकलं कोनं? आना इकडं ते वही!" सह्या झाल्या, अंगठे उठले, आणि त्यांच्या शेजारी पानांचे काळपट डागही.

आज वहीतले ते कागद पत्राच्या उत्तराला जोडले. काय व्हायचं ते होवो, मी हटणार नाही. वाचायची रीत काळाप्रमाणं बदलणारच, कधी कागद, कधी काच. पण कुणीतरी कुणासाठी थांबून वाचावं, ही गरज काही जुनी होत नाही. वाळकं पान कुठल्या पानातून पडलं ते सापडलं नाही, म्हणून पहिल्याच पानावर ठेवलं. या दाराला कुलूप लागेल ते फक्त दुपारपुरतं, आणि किल्ली माझ्या पिशवीत असेल, कादंबरीशेजारी.