बुटाची नाडी

सर्जापूर रोडच्या स्टॉपवर तो रोज सकाळी भेटायचा. वय चाळिशीचं, बोलणं लहान मुलासारखं, एकेक शब्द जुळवत. कागदी पिशव्या बनवणाऱ्या केंद्रात कामाला जायचा. तिथल्या ताईंनीच त्याला एकट्याने बसने यायला शिकवलं होतं. रस्त्यात तो सारखा थांबायचा आणि न सुटलेली बुटाची नाडी पुन्हा बांधायचा.

वीस पावलं मागून त्याची म्हातारी आई लपतछपत यायची. तो बसमध्ये चढला की टपरीआडून पुढे येऊन मला म्हणायची, “त्याला सांगू नको हं. एकटा जातो म्हणून खूश आहे.” आम्ही दोघी त्याला फसवतोय, याची मला गंमत वाटायची.

एक दिवस त्याच्यासोबत केंद्रातल्या ताई आल्या. त्यांच्याकडून आई गेल्याचं कळलं. आठवडाभर त्या येत राहिल्या, मग तो पुन्हा एकटा येऊ लागला. पहिल्याच दिवशी बराच आधी पोचला.

“आज लवकर आलात?” मी विचारलं.

“आईचे गुडघे दुखायचे, अक्का,” तो म्हणाला. “म्हणून मी नाडी बांधत थांबायचो. आता थांबावं लागत नाही.”