सोडू नये

टाळेबंदी जरा सैल झाली होती. कोथरूडमधल्या ज्या सोसायटीत माझे वडील वॉचमन आहेत, तिथल्या सेक्रेटरीकाकांनी मला गेटजवळच्या फळ्यावर सूचना लिहायला सांगितली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, म्हणून असं काम माझ्याकडे येई. मला ते आवडायचंही. त्यांनी सांगितलं तसं मी खडूनं लिहिलं : ‘पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांना खाली सोडू नये.’ ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका काठी टेकत खाली आल्या. एकट्याच राहायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रोज चाललं नाही तर पाय आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वडील उठून उभे राहिले, पण बाईंना अडवायचं कसं, हे त्यांना कळेना.

बाईंनी फळा वाचला. “अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“छान आहे. आता सांग, ‘सोडू नये’ कोणाला म्हणतात?”

मी फळ्याकडे पाहिलं.

“गुरांना,” त्याच म्हणाल्या.

तेवढ्यात सेक्रेटरीकाका आवारात फेऱ्या मारत तिथे पोहोचले. “अहो आजी, तुमच्या काळजीपोटीच केलंय. वरून तसा सल्ला आहे.”

“मी तुमची आजी नाही. आणि सल्ला घरात राहण्याचा आहे, कोंडून ठेवण्याचा नाही. काळजी करण्याआधी मला विचारलंत? दुपारी तीनला इथे चिटपाखरू नसतं. मास्क लावून अर्धा तास चालेन. जमेल?”

काका वळले. “बघा बुवा,” असं वडिलांना म्हणून जिना चढून गेले. ते हो होतं की नाही, आम्हाला समजलं नाही.

मी ओल्या फडक्यानं फळा पुसला. “काय लिहू?” मी बाईंना विचारलं.

“कॉलेजात जातेस ना? तूच ठरव.” त्या वर गेल्या.

खडू हातात धरून मी बराच वेळ उभी होते. काका रागावले तर वडिलांना ऐकून घ्यावं लागणार होतं. वडील म्हणाले, “लिही.” मग लिहिलं : ‘दुपारी तीन ते चार ही वेळ ज्येष्ठांच्या फिरण्यासाठी. इतरांनी कृपया खाली येऊ नये.’

तीनला बाई आल्या. फळा वाचून म्हणाल्या, “‘कृपया’ नसतं तरी चाललं असतं.”

आणि भिंतीच्या कडेकडेनं हळूहळू चालू लागल्या.