प्रौढ वर्गाच्या बाई परीक्षेला बसतात

पाणीपुरवठ्याच्या पंपघरामागे एक लांबुडकी खोली होती. संध्याकाळी तिथे बाईंचा प्रौढांचा वर्ग भरायचा. पंप सुरू झाला की भिंती थरथरायच्या आणि शिकणाऱ्यांचे आवाज आपोआप चढायचे. त्यामुळे बाईंच्या हाताखालून गेलेला माणूस शहरात कुठेही ओळखू यायचा. तो पेपर वाचायला बसला की समोरच्या फुटपाथवरच्या लोकांनाही बातम्या कळायच्या.

बाई मुळात शिक्षिका नव्हत्याच. आई लवकर गेली म्हणून त्या मामांकडे वाढल्या, आणि मामांचा छापखाना होता. छपाईचे शिशाचे खिळे जुळवता जुळवता त्या अक्षरं शिकल्या, ती सगळी उलटी. शाळेच्या पहिल्या दिवशी पाटीवर त्यांनी स्वतःचं नाव असं काही लिहिलं की गुरुजींना पाटी आरशासमोर धरावी लागली. पुढे लग्न झालं एका कंपाउंडरशी. त्या कंपाउंडरने एक दिवस एका गलेलठ्ठ बेकरीवाल्याला हाताला धरून घरी आणलं. बेकरीवाल्याने गुडघ्याला चोळायचं औषध चमच्याने घेतलं होतं, तेही जेवणानंतर, दोन वेळा. बाटलीवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं ठळक लिहिलं होतं.

“ह्याला वाचायला शिकव,” कंपाउंडर म्हणाला. “हा गेला तर गेला, माझी नोकरी जाईल.”

बेकरीवाला वाचला, दोन्ही अर्थांनी. त्याने आणखी चारजणांना आणलं, त्यांनी आणखी कुणाकुणाला, आणि बघता बघता स्वयंपाकघर अपुरं पडायला लागलं. मग कुणीतरी अर्ज केला, पंपघरामागची खोली मिळाली, आणि वर्ग सरकारी झाला. बाईंच्या डोक्याला ताप तिथून सुरू झाला.

ज्यांना अक्षर येत नाही ते प्राथमिक, असा हिशेब करून वर्ग प्राथमिक शिक्षण खात्याकडे देण्यात आला. खात्याने पहिलीच्या मापाचे बाक पाठवले. बेकरीवाला एकदा बसला की बाक घेऊनच उठायचा. मग मुलांची उंची आणि वजन मोजायला दोन माणसं आली. वर्षभराने ती पुन्हा आली, पुन्हा मोजलं, आणि शेरा मारून गेली: ‘विद्यार्थ्यांची वाढ खुंटलेली आहे. सकस आहार द्यावा.’ बेकरीवाल्याच्या वजनापुढे त्यांनी वेगळी खूण केली होती.

त्यानंतर फर्मान आलं की पालकसभा घ्या. बाई तडक खात्याच्या साहेबांकडे गेल्या. हे साहेब अंगाने लहानखुरे होते, आणि खातंही लहान मुलांचं, म्हणून सगळे त्यांना लहान साहेब म्हणत.

“साहेब, माझा सगळ्यात लहान विद्यार्थी चाळिशीला टेकलाय.”

“मग पालक चांगले अनुभवी असतील,” लहान साहेब म्हणाले. “सभा रंगेल.”

अख्ख्या वर्गात पालक हयात असलेला एकच निघाला, बेकरीवाला. त्याची आई काठी टेकत आली, सगळ्यात पुढच्या बाकावर बसली आणि पदर खोचून सुरू झाली. “लहानपणापासून असाच आहे हा. सांगितलेलं एक ऐकेल तर शपथ. ह्याचा बाप असता तर औषध प्यायची हिंमत झाली असती का ह्याची?” वर्ग हसून हसून लोळला. बेकरीवाला बाकासकट उठून बाहेर गेला. सभा संपली, पण आजी काही उठेनात. दुसऱ्या दिवशीही आल्या. घरी सुनेशी बोलायला विषय उरला नव्हता, इथे भरपूर होते. बाईंनी त्यांचं नाव पटावर घातलं. शिकायचं मात्र आजींनी नाव काढलं नाही. पाटी त्या वारा घ्यायला वापरायच्या.

मग वर कुणाच्या तरी लक्षात आलं की प्रौढ म्हणजे मोठी माणसं, आणि मोठ्यांचं शिक्षण ते उच्च शिक्षण. झालं. वर्ग उचलून उच्च शिक्षण खात्याकडे दिला. बाक परत गेले, आणि सगळे जमिनीवर बसायला लागले. दारावर मात्र नवी पाटी लागली, आणि रॅगिंगविरोधी समिती नेमली गेली.

समितीपुढे एकच तक्रार आली. वर्गात दोन सख्ख्या जावा होत्या, थोरली आणि धाकटी. त्यांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं, आणि दोघी शिकायला आल्या होत्या त्या पाटीवर लिहून भांडता यावं म्हणून. धाकटीने समितीला सांगितलं, “ही मला छळते.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून.”

“म्हणजे वर्गात प्रवेश घेण्याच्या आधीपासून,” समितीचे प्रमुख म्हणाले. “मग ते आमच्याकडे येत नाही.” त्यांनी कागद मिटले. जाताना थोरलीने त्यांना वाकून नमस्कार केला.

वर्षभर असं चाललं. मग वरच्या लोकांत कशावरून तरी बिनसलं आणि वर्ग पुन्हा प्राथमिककडे द्यायचं ठरलं. वर्ग सोपवताना उच्च शिक्षण खात्याने नवा आदेश काढला. त्यात कुणाच्या तरी हातून दोन नावं इकडची तिकडे पडली. शिक्षिका म्हणून आजी लागल्या, आणि निरक्षर प्रौढ विद्यार्थिनी म्हणून बाई.

बाई आधी हसल्या. कचेरीत दोन्ही खात्यांचे साहेब एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत बसत. लहान साहेब म्हणाले, “आदेश समोरच्यांचा. दुरुस्ती त्यांनीच करायची.” बाई तीन पावलं चालून समोर गेल्या. तिथले साहेब, म्हणजे मोठे साहेब, म्हणाले, “वर्ग आता समोरच्यांचा. आम्ही हात लावू शकत नाही.” दोघांची दारं उघडी होती, दोघांना एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, पण एकही मान वर करायला तयार नव्हता. बाईंना वर्गातल्या त्या दोन जावा आठवल्या. ह्या दोघांनाही एकेक पाटी द्यावी, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

शेवटी लहान साहेबांना दया आली. “हे बघा बाई, निरक्षर माणसाला मी शिक्षक कसा करणार? आधी साक्षरतेची परीक्षा द्या, पास व्हा. मग बघू.”

“पण ती परीक्षा मीच घेते, साहेब!”

“घेत होतात,” साहेबांनी प्रेमाने सुधारलं.

घरी कंपाउंडरला हे सांगितलं तर त्याला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग त्याने विचारलं, “नापास झालीस तर?”

“मी? अहो, शुद्धीवर आहात ना?”

“तसं नाही. पण लहानपणी तू उलटं लिहायचीस ना…”

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून मुकाट्याने भांडी घासायला लागला. पण बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तिकडे वर्गात आजी शिकवायला लागल्या. फळ्याजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि काठीने एकेकाला उठवायच्या. “तू लिही. काय लिहायचं ते तुझं तू ठरव.” त्याने लिहिलं की वर्गाला विचारायच्या, “बरोबर आहे का रे?” वर्ग नाही म्हणाला की त्या म्हणायच्या, “मला येत नाही ते नाही, पण तुला येत नाही हे मला इथून दिसतंय.” सगळे हसायचे. बाईंचं खरं दुखणं हे होतं की माणसं वेळेवर यायला लागली होती. बाई मागच्या रांगेत मांडी घालून बसायच्या आणि शेजाऱ्याची चूक हळूच सुधारायला जायच्या.

“मागे कोण बोलतंय?” आजी काठी आपटायच्या. “तू का? बाहेर उभी राहशील.”

बाई खाली मान घालायच्या. घरी जाऊन कंपाउंडरवर चिडायच्या. त्याचा काही संबंध नव्हता, पण तो हाताशी होता.

परीक्षेचा दिवस आला. आदेशाप्रमाणे देखरेखीला शिक्षिका, म्हणजे आजी. पहिला प्रश्न, वाक्य बघून लिहा. दुसरा, स्वतःचं नाव लिहा. बाईंनी नाव लिहिलं, मग ते दोनदा तपासलं, सरळ आहे ना म्हणून. तिसरा प्रश्न होता: ‘माझा दिवस’ या विषयावर पाच वाक्यं.

हा प्रश्न बाईंनी स्वतः कितीजणांना घातला होता! कुणी ‘सकाळी उठतो, चहा पितो’ लिहिलं की त्या कपाळाला हात लावायच्या. आता कोरा कागद समोर होता आणि पेन हलायला तयार नव्हतं. शेजारी बेकरीवाला जीभ बाहेर काढून भराभर लिहीत होता. आजी येऊन डोक्यावर उभ्या राहिल्या.

“लिही की. बघतेस काय?”

“सुचत नाही हो, आजी.”

“सकाळी काय केलंस?”

“उठले. चहा केला.”

“मग तेच लिही. खोटं कशाला लिहायचं?”

बाईंनी लिहिलं. मी सकाळी उठते. चहा करते. ह्यांना डबा देते. संध्याकाळी वर्गात जाते. चार झाली. पाचवं लिहिता लिहिता डोळे भरून आले आणि शाई थोडी फुटली.

“काय लिहिलंस एवढं?” आजींनी विचारलं. त्यांना वाचता कुठे येत होतं!

बाईंनी वाचून दाखवलं, “तिथे आता माझं काम उरलेलं नाही.”

आजी काठीवर रेलल्या. “अगं, आधी सांगायचं ना,” त्या म्हणाल्या. “मला काय हौस आहे होय? सोडते मी. आत्ता सोडते.”

पण सरकारी काम सोडणं म्हणजे काय चप्पल सोडणं नव्हतं. बेकरीवाला आईला घेऊन कचेरीत गेला आणि हात हलवत परत आला. शिक्षकाचा राजीनामा स्वतःच्या हस्ताक्षरात लागतो, अंगठा चालत नाही. अंगठा लावणारा शिक्षक असूच शकत नाही, आणि शिक्षक नसलेल्याचा राजीनामा घेता येत नाही.

त्या संध्याकाळी बाई मागच्या रांगेतून उठल्या, पुढे गेल्या आणि आजींकडची काठी काढून घेऊन त्यांच्या हातात खडू दिला. “म म्हणा. मी राजीनामा देते, यातला म.”

आजींनी बाईंचा जीव खाल्ला. काना देताना खडू घसरायचा, मात्रा भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. आजी खडू फेकायच्या, बाई उचलून पुन्हा द्यायच्या. “हे राहू दे गं, मरेपर्यंत शिक्षिकाच राहते मी,” असं आजी म्हणाल्या की मात्र बाईंचा आवाज असा काही चढायचा की बेकरीवालाही दचकून पाटी उचलायचा. सगळा वर्गच आजींबरोबर ते वाक्य गिरवायला लागला. थोरलीने धाकटीच्या पाटीवर लिहिलं, ‘मी राजीनामा देते.’ धाकटीने खाली लिहिलं, ‘मंजूर.’ दोघींना हसू फुटलं, आणि त्या चक्क तोंडाने बोलल्या.

राजीनामा लिहून झाला तोवर वर्ग पुन्हा हलला होता. आता तो ना लहान साहेबांकडे होता, ना मोठ्या. एक नवंच मंडळ निघालं होतं. मंडळात एक टेबल होतं आणि त्यामागे एक कारकून मुलगी. तिने आजींचा कागद नीट वाचला. “अक्षर छान आहे हो आजी. राजीनामा कशाला देताय?”

“ती मोठी कथा आहे. घे तू.”

“बरं. मग आता शिकवणार कोण?”

“ही,” आजींनी बाईंना पुढे ढकललं.

“शिक्षण?”

बाईंनी पिशवीतून नुकतंच मिळालेलं साक्षरतेचं प्रमाणपत्र काढलं. दुसरं काही आणायचं त्यांना सुचलंच नव्हतं. मुलीने ते उलटसुलट पाहिलं, शिक्का मारला आणि म्हणाली, “पुरे आहे. उद्यापासून या.”

बाई प्रमाणपत्रावरचा शिक्का पुन्हा पुन्हा तपासत जिना उतरल्या. आजी मात्र खुशीत होत्या. त्यांना राजीनाम्याची चटकच लागली. पहाटे भट्टीवर लक्ष ठेवायच्या कामाचा त्यांनी मुलाकडे लेखी राजीनामा दिला. आठवडाभराने सुनेच्या हातात कागद ठेवला, की आजपासून मी सासूपद सोडते. सुनेला वाचता येत नव्हतं; ती तो कागद घेऊन घरभर फिरली. नवऱ्याला वाचायला सांगितलं तर त्याने वाचला, पण आईने काय लिहिलंय ते सांगायचं धाडस त्याला झालं नाही. “काहीतरी हिशेब आहे,” एवढं पुटपुटून तो बेकरीत पळाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सून तोच कागद मुठीत धरून पंपघरामागे आली. पंप दणाणत होता.

“बाई,” ती ओरडून म्हणाली, “ह्यात माझ्याविषयी काय लिहिलंय ते मला माझं मला वाचायचंय.”

बाईंनी तिला बसायला जागा करून दिली.