गोठीला निघताना

माझ्या सासूबाई, तारामती, मूळच्या देवरुखच्या. सासरे रंगनाथ रेल्वेच्या बदलीनं जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर प्रताप नगरातच राहिले. इतकी वर्षं काढूनही आईंना इथला पाऊस पाऊस वाटायचाच नाही. "शिंकेसारखा येतो नि जातो," म्हणायच्या. तरी बाहेर पडताना पिशवी टम्म भरलेली: रेनकोट, प्लास्टिकचा कागद, सुके कपडे, डब्यात काडेपेटी. माझा नवरा निलय विचारायचा, "आई, सहलीला चाललोय की घर बदलतोय?" त्या वर आणखी एक टॉवेल कोंबायच्या. पिशवी उचलायची मात्र मी, त्यामुळे चिडायचीही मीच.

श्रावणात जयपूरकर गोठ करतात, म्हणजे डोंगरातल्या एखाद्या देवळाशी जाऊन दाल-बाटी रांधून जेवतात. आम्ही रेल्वेतली मराठी घरंही ती करतो. मागच्या वर्षी नाहरगडामागच्या एका महादेवाला गेलो. लख्ख ऊन होतं. देवळाखालच्या कोरड्या ओढ्यात सपाट, स्वच्छ वाळू. जागा आईंनीच पसंत केली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्यांना मधोमध खुर्ची मांडून दिली.

गोवऱ्यांवर बाट्या भाजत असताना पुजारी वरून ओरडला, "उठो वहाँ से!" आम्हाला वाटलं, उगाच हटकतोय. आई म्हणाल्या, "थेंब नाही पडला, उठायचं कशाला?" कोकणात ओढा फुगतो तेव्हा आपणही चिंब भिजलेले असतो. इथं डोक्यावर ऊन तसंच, आणि वळणावरून गढूळ पाणी धावत आलं. बघता बघता ते मांडीला लागलं. निलयनं आणि मी खुर्चीसकट बाबांना उचललं, आई मागून ढकलत होत्या. माझा पाय घसरला, खुर्ची कलली. त्या क्षणी बाबा गेले असंच मला वाटलं.

काठावर पोचून पाहिलं तर पातेली, बाट्या आणि ती पिशवी, सगळं वाहून गेलेलं. आई बाबांचा पाय चाचपत होत्या. "मला वाटायचं, मला पाऊस कळतो," एवढंच म्हणाल्या.

यंदा पिशवी लहान होती. जीप दाराशी उभी, डाळ डब्यात, ऊन कडकडीत. आईंनी निघण्याआधी पुजाऱ्याला फोन लावला. "महाराज, ऊपर पहाड़ में पानी गिरा क्या?"

"सुबह से गिर रहा है, बाईजी."

आईंनी फोन ठेवला. "कोणी जायचं नाही."

निलय वैतागला. "मतलब, देवळातच बसू ना. ओढ्यात कोण उतरतंय?"

"वाट ओढ्यातूनच जाते."

शेजारणी फुरंगटल्या, पोरांनी तोंडं पाडली, जीपवाला पुटपुटत गेला. खरं सांगायचं तर मीही धुसफुसत होते. शेवटी गच्चीवर पंगत मांडली. दिवसभरात एक ढगसुद्धा आला नाही. मी खोचकपणे विचारलं, "आई, ओढ्याला पाणी आलं का ते विचारू फोन करून?"

"कशाला?" त्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष बाबांकडे होतं. बाबा खुर्चीत बसून पुन्हा चुरमा मागत होते. साखरेमुळे आई त्यांना गोड चमचाभरच देतात. त्या दिवशी त्यांनी वाटी भरून दिली, वर तूपही सोडलं.