कुंदाचा टॉप-अप

कुंदा गेल्याचं तिच्या नवऱ्यानं, श्रीधररावांनी, सकाळी फोनवर सांगितलं. मी रडले. पण त्याआधी क्षणभर वाटलं, सुटली... आणि तेही सगळं नीट आवरून. एवढा हेवा मी दुसऱ्या कुणाचा केला नाही.

नाशिकला एकाच सरकारी कचेरीत आमची टेबलं शेजारी. निवृत्तही एकाच दिवशी झालो. निरोपाच्या शाली कपाटात ठेवतो न ठेवतो तोच कुंदा आरोग्य विम्याच्या मागे लागली. निवृत्तांचा गट विमा दोघींकडे होता; पण मोठ्या आजारात तो पुरणार नाही, वर टॉप-अपचा जादा विमा हवाच, असं तिचं म्हणणं. खोलीभाड्याला मर्यादा आहे का, जुन्या आजारांसाठी किती वर्षं थांबावं लागतं, सगळं बारीक वाचून ती माझाही अर्ज घेऊन आली. "सही कर फक्त. आणि भाऊजींचं बीपी लपवू नकोस," म्हणाली. मला रागच आला. कचेरीत साहेबही तिलाच विचारायचे. आता माझ्या घरातलंही हीच ठरवणार? अर्ज मी तसाच परत दिला.

पुढे काही वर्षांनी ह्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. गट विम्याची रक्कम मध्येच संपली आणि त्र्यंबक रोडचा प्लॉट विकावा लागला. कुंदा रोज डबा घेऊन यायची, अर्जाबद्दल अवाक्षर काढायची नाही. काढलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मग तिलाच कॅन्सर झाला. टॉप-अपमुळे उपचारांची चिंता नव्हती. खिडकीशेजारची स्वतंत्र खोली, श्रीधरराव शांतपणे पेपर वाचत बसलेले... मरणाला टेकलेल्या मैत्रिणीवर मी जळत होते. शेवटच्या भेटीत तिला ते सांगून टाकलं.

"तू अर्जाला नाही म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं गं," ती म्हणाली. "तुझी दोन्ही मुलं गावातच. मला मूलबाळ नाही. वाटलं, निदान ह्यात तरी मी पुढे. नाहीतर तुला पुन्हा विचारलं असतं."

मी तिचा हात सोडला नाही.

ती गेल्यावर एका मंगळवारी तिच्या घरी गेले. दर मंगळवारी निवृत्त बायका तिच्याकडे पॉलिसीचे कागद घेऊन यायच्या, हे मला तिथं कळलं. एक बाई आलीच होती, कुंदा गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. श्रीधररावांनी सांगितल्यावर डोळे पुसत म्हणाली, "फार छान समजावून सांगायच्या हो ताई."

मला पुन्हा हेवा वाटला. मग मी स्टूल ओढलं आणि त्या बाईचे कागद मागितले.